प्रोसेसर घेताना नाव नव्हे, पिढी पाहावी

मुलांचे खेळ, अभ्यास आणि घरचे कामकाज एकाच संगणकावर व्हावे, अशी मध्यमवर्गीय कुटुंबाची अपेक्षा असते. त्यासाठी वसई-विरारहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ‘आय-५’ हे नाव प्रोसेसरची श्रेणी सांगते, वय नव्हे. २०१२ मधील आय-५ ३४७० चार कोअरचा, तर २०२२ मधील आय-५ १२४०० सहा कोअरचा आहे. पहिला तिसऱ्या पिढीचा, दुसरा बाराव्या. हे क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून कळते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ साठी इंटेलची सर्वसाधारणपणे किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे स्वस्तात मिळालेला जुना ‘आय-५’ अखेर महाग पडतो.

खेळांतील चित्रांचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्ड वाहते. म्हणून १२४०० किंवा रायझन ५ ५६०० यांसारखा सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्ड व १६ जीबी मेमरीवर खर्चणे हितावह ठरते. मात्र रायझन ५ ५६०० व १२४००एफ यांत चित्रव्यवस्था अंगभूत नाही. स्वतंत्र कार्डाविना पडदा कोराच राहतो.

शाळा व ग्रामपंचायतींनीही दरपत्रके मागविताना प्रोसेसरची किमान पिढी अवश्य नमूद करावी.