ही माशी डसत नाही!

मुलांनो, थंडी पडू लागली की परसात मोहरी, कोथिंबीर आणि झेंडू फुलतो. त्या फुलांवर एक काळी-पिवळी पट्टेवाली माशी येते. फुलासमोर ती हवेतच एका जागी थांबते, जणू दोऱ्याने टांगली आहे. झटकन बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते. लहान पोरं ओरडतात, "पळा रं, गांधीलमाशी आली!" मग कुणी चप्पल उगारतं, कुणी टॉवेल मारतं.

पण ही गांधीलमाशी नव्हे आणि मधमाशीही नव्हे. शेतीच्या पुस्तकात हिला सिरफिड माशी म्हणतात. हिला नांगीच नसते. मग अंगावर पट्टे कशाला? पक्ष्यांनी नांगीवाली समजून लांब राहावं म्हणून. नुसतं सोंग!

ओळखावी कशी?
१. पंख : मधमाशी व गांधीलमाशीला ४ पंख असतात, हिला २ च. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या असतात. उडताना त्या तोल सांभाळतात.
२. मिशा : हिच्या मिशा अगदी आखूड असतात. गांधीलमाशीच्या लांब असतात.
३. डोळे : डोके जवळजवळ डोळ्यांनीच भरलेले. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते.
४. कंबर : गांधीलमाशीसारखी बारीक कंबर हिला नसते.

परसात कोणत्या जाती शोधाल?
जगात हिच्या ६००० च्या आसपास जाती आहेत. त्यातल्या चार प्रकारांची ओळख करून घेऊ. नावे अवघड आहेत, पण खुणा सोप्या आहेत.
इस्किओडॉन : पाठीच्या शेवटी पिवळी ढाल, पोटावर काळे-पिवळे वाकडे पट्टे. चवळी, मोहरी, करडईवर पाहा.
एपिसिर्फस : पोटावर एक जाड काळा पट्टा, त्याला जोडून एक बारीक पट्टा, मिशीसारखा.
पॅरागस : इवलीशी, ज्वारीच्या दाण्याहून थोडीच मोठी. गवतातल्या फुलांवर खाली खाली उडते.
एरिस्टॅलिनस : मधमाशीएवढी. डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात. हिची अळी गटाराच्या घाण पाण्यात राहते. तिला लांब शेपूट असते आणि त्या शेपटीतून ती पाण्याबाहेरची हवा घेते.

मोठी माशी फुलातला मध आणि पराग खाते. खरं काम करते ती पहिल्या तीन प्रकारांची अळी. मादी माव्याच्या गर्दीत एकेक पांढरं, लांबट अंडं घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते. तिला पाय नसतात, नीट दिसत नाही, तोंडाकडची बाजू निमुळती असते. चाचपडत ती माव्याला गाठते, उचलून धरते, त्यातला रस शोषते आणि रिकामं साल टाकून देते. एक अळी वाढेपर्यंत शेकडो मावा फस्त करते. मग पानाला चिकटून थेंबासारखा कोष करते.

पालकांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. वालाच्या शेंड्यावर चिकट मावा दिसला की आपण लगेच औषधाचा पंप काढतो. मावा मरतो, पण त्याच्याबरोबर ही अळीही मरते. राहिलेला मावा भराभर वाढतो, कारण त्याला खाणारं कुणी उरत नाही. मग पुन्हा औषध, पुन्हा खर्च; आणि तीच शेंग आपल्या ताटात येते. म्हणून आधी पान उलटून पाहा. हिरवट-पांढरी, बिनपायाची अळी दिसली तर आठवडाभर थांबा. अळी नसेल आणि मावा थोडा असेल तर शेंडा खुडा किंवा पाण्याच्या धारेने धुवा. कोथिंबिरीची चार रोपं न उपटता फुलू द्या. या माशीला ती फुलं फार आवडतात.

करून पाहा : माव्याचा एक शेंडा दोऱ्याने खूण करून ठेवा. रोज सकाळी मावा मोजा, अळ्या मोजा आणि वहीत लिहा. आठ दिवसांनी वही वर्गात आणा. माशी पकडू नका, मारू नका. ती आपल्या परसातली बिनपगारी राखणदार आहे.