सतरा नंबरचा फॉर्म: दहावीला बसायचा खरा खर्च किती?

शाळा मध्येच सुटली आणि आता नोकरीसाठी, बढतीसाठी किंवा पुढे शिकण्यासाठी दहावीचं प्रमाणपत्र हवं आहे, असं म्हटलं की कुणीतरी लगेच एजंटचं नाव सुचवतं. 'सगळं करून देतो' म्हणत हा एजंट काही हजार मागतो. त्याला पैसे देण्याआधी मंडळाचे दर पाहा.

राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवण्याचा अर्ज म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो ऑनलाइनच भरायचा असतो. अलीकडच्या वर्षांत दहावीसाठी नोंदणी शुल्क 1000 रुपये आणि प्रक्रिया शुल्क 100 रुपये होतं. 2025 च्या परीक्षेचं शुल्क 470 रुपये होतं, त्याआधी ते 420 होतं. म्हणजे 1570 रुपये झाले. गुणपत्रिका, प्रात्यक्षिक अशी किरकोळ शुल्कं वेगळी. दर वाढत असतात, म्हणून भरायच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावरचा आकडा बघा आणि हाताशी दोन-अडीच हजार ठेवा. एकदा भरलेलं नोंदणी शुल्क परत मिळत नाही.

पूर्वी दहावीला बसून नापास झालेल्यांनी हा फॉर्म भरायचाच नसतो. ते पुनर्परीक्षार्थी. त्यांनी आपल्या जुन्या शाळेतून अर्ज करायचा आणि राहिलेल्या विषयांचेच पेपर द्यायचे. अशांनाही नव्याने नोंदणी करायला लावून पैसे उकळले जातात, याची मला खरोखर चीड येते.

कागद मोजके लागतात: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत घ्यावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो. दाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. एकीकडे 'संगिता', दुसरीकडे 'संगीता', आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, जन्मतारखेत एका आकड्याचा फरक, असल्या गोष्टी पुढे गुणपत्रिकेवर उतरतात आणि मग दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. सायबर कॅफेत फॉर्म भरून घेणार असाल तर पैसे आधी ठरवा आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको.

नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला असं नाही. तो नंतर वेगळा भरावा लागतो. त्यासाठी निवडलेल्या संपर्क केंद्राशी, म्हणजे तुम्हाला जोडून दिलेल्या शाळेशी, संबंध ठेवा. तारीख चुकली की विलंब शुल्क भरावं लागतं.

याच शाळेत अंतर्गत मूल्यमापन होतं आणि खासगी विद्यार्थी नेमके तिथेच ढिले पडतात. भाषेचा लेखी पेपर 80 गुणांचा, तोंडी परीक्षेचे 20. गणिताचे दोन भाग 40-40 गुणांचे, विज्ञानाचेही तसेच, आणि त्यावर 20 गुण शाळेकडचे. पास व्हायला शंभरात 35 लागतात. वीसपैकी 14 मिळाले तर लेखी परीक्षेत 21 उरतात. वह्या आणि प्रात्यक्षिकं वेळेवर पूर्ण करणं हा पास होण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पुस्तकांवर फार खर्च करू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. पैसे टाकायचेच तर गणित आणि इंग्रजीच्या शिकवणीवर टाका. बाकी विषयांत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या तर पुष्कळ काम होतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत रात्रशाळा आहेत. रोज संध्याकाळी जाणं जमत असेल तर सतरा नंबरपेक्षा मला ती वाट उजवी वाटते, कारण समोर शिक्षक असतात.

निकालानंतरचाही खर्च असतो. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे 50 रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला 300 असे दर होते. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत आधी घ्यावीच लागते, म्हणजे एका विषयाचे 700 झाले. आधी छायाप्रत एखाद्या शिक्षकाला दाखवा आणि मगच पुढचे 300 भरा. एक-दोन विषय राहिले तर जून-जुलैच्या सुमारास होणारी पुरवणी परीक्षा आहेच.

'हमखास पास' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागा. अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात, तोवर शाळेत जाऊन दाखला हाती घ्या.