परिसरदर्शन : मेणवलीचा वाडा

श्रीक्षेत्र वाई येथे महागणपतीच्या दर्शनासाठी येणारे अनेक भाविक मेणवलीसही जातात. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर कृष्णेच्या तीरी पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस (१७४२–१८००) यांचा वाडा आजही उभा आहे. लगतच नदीचा दगडी घाट व मेणेश्वराचे देवालय आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटाही तेथेच पाहावयास मिळते. बहुतेक यात्रेकरू घाट पाहून परततात. मात्र वाडा समजून घेतल्यास आपल्या पूर्वजांच्या गृहरचनेचा एक उत्तम पाठच मिळतो.

वाड्याची मांडणी

वाड्यास सहा चौक आहेत. चौक म्हणजे घराच्या मध्यभागी उघडे ठेवलेले अंगण. त्याच्या चारही बाजूंस सोपे व दालने असतात. बाहेरच्या भिंती जाड व जवळजवळ बंद असल्याने घरास उजेड, वारा मिळतो तो या चौकातूनच. बाहेरच्या चौकात कारभार चाले आणि आतील चौक घरच्या मंडळींचे असत. देवघर, माजघर, मुदपाकखाना ही सर्व स्थाने या क्रमाने ठरत.

भार कोण वाहतो?

पाहणाऱ्यास वाटते की जाड भिंतींनी घर तोलले आहे. परंतु या पद्धतीच्या वाड्यांत छताचा व माडीचा मोठा भार लाकडी सांगाडा वाहतो. प्रथम घडीव दगडांचे जोते बांधीत. त्यावर दगडी तळखडे बसवून खांब उभे करीत, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नसे. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट अशी रचना असे. लाकडाचे जोड एकमेकांच्या खाचांत घट्ट बसविलेले असत. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात. वाड्याचे मापही खणांतच सांगितले जाई.

संकट कोठून येते?

लाकडी सांगाड्याचे दोन मोठे शत्रू म्हणजे अग्नी आणि पाणी. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला. दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. पाण्याचे काम मात्र गुपचूप चालते. छपराचे एक कौल सरकते, पावसाचे पाणी भिंतीत उतरते आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजू लागते. मग वाळवी लागते व शेजारच्या खांबावर जादा भार पडतो. म्हणून दरवर्षी मृगापूर्वी कौले परतण्याची चाल होती. मेणवलीच्या वाड्याने केवळ लाकूड जपले असे नाही. नानांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह येथेच राहिला व ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहास-अभ्यासकांस उपयोगी पडला. छप्पर टिकले म्हणूनच कागद टिकले.

दात्यांसाठी दोन शब्द

आपल्या गावोगावच्या देवालयांचे जुने सभामंडपही याच पद्धतीचे आहेत. त्यांचा जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे बांधणे नव्हे. मातीच्या व चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंटचा गिलावा दिल्यास ती आतच कोंडते आणि लाकडाचा नाश करते. दाता बहुधा संगमरवरी फरशीसाठी देणगी देतो, कारण ती दिसते आणि तीवर नाव कोरता येते. कौलांच्या दुरुस्तीवर कोणाचेही नाव कोरले जात नाही. परंतु मंदिर त्यावरच तगून राहते. आपल्या ग्रामदेवतेस देणगी देताना एकदा मान वर करून छपराकडे अवश्य पाहावे.

वाडा पाहू इच्छिणाऱ्यांनी आत जाण्यापूर्वी तेथील व्यवस्थेची अनुमती घ्यावी. लाकडी भागांजवळ उदबत्ती, निरांजन अथवा कोणताही विस्तव नेऊ नये आणि खांबांवर नावे कोरू नयेत. अडीचशे वर्षांच्या सुमारास पोहोचलेली ही वास्तू पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे, हीदेखील एक सेवाच होय.