जुन्या हवाई बंदुकीची ओळख व दुरुस्ती

जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवलेली छर्‍यांची बंदूक पुष्कळांनी हाताळलेली असते. तिची रचना साधी आहे. नळी बिजागरीत वाकवली की आतील पोलादी स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच दट्ट्या पुढे सरकतो आणि दाबलेली हवा छर्‍याला बाहेर ढकलते.

अशी जुनी बंदूक घरात सापडल्यास प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करून तिच्यावरील खुणा वाचाव्यात. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही बर्मिंगहॅमच्या ‘बीएसए’ची खूण होय, धनुष्यबाण टाकून बंदूक उंचावणारी देवता ही १८९० मध्ये स्थापन झालेल्या जर्मन कारखान्याच्या ‘डायाना’ बंदुकीची. मग नळीचा व्यास पाहावा. तो बहुधा ४.५ किंवा ५.५ मिलिमीटर असतो. मोठ्या व्यासाच्या बंदुकीबाबत दुरुस्तीपूर्वी पोलिसांच्या परवाना शाखेत चौकशी करणे इष्ट.

छर्रा मंद जात असेल, तर दोष बहुधा दट्ट्याच्या चामडी वायसरात असतो. सायकलच्या पंपाप्रमाणेच येथेही चामडे वाळले की हवा निसटते. तेलाचे एकदोन थेंब पुरतात. अधिक घातल्यास दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटते. बंदूक ताणलेली नसतानाही स्प्रिंग काहीशी दाबलेलीच असते व खोलताना ती उसळून इजा करते. म्हणून हे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तकाकडेच सोपवावे. त्याचा पत्ता जवळच्या रायफल क्लबात मिळू शकतो. जुना वायसर फाटका असला तरी टाकू नये. नवा कापण्यासाठी तोच नमुना असतो.