लग्नाच्या ब्लाऊजचे माप घरी घेताना

लग्नाच्या कपड्यांचे माप घरी घ्यावे लागते ते बहुधा नवरी शिंप्यासमोर उभी राहू शकत नाही म्हणून. जळकोट हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. लेक पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला, बस्ता सोलापूरला बांधलेला, शालू वरपक्षाकडून आलेला आणि त्याचा ब्लाऊज वरपक्षाच्याच ओळखीच्या शिंप्याकडे टाकलेला, अशी परिस्थिती इथल्या लग्नघरात सहज येते. अंग एका गावात, कापड दुसऱ्या गावात आणि कात्री तिसऱ्या. तिन्हींना जोडतात ते फोनवर सांगितलेले किंवा मोबाइलवर पाठवलेले दहा-बारा आकडे. घरात टेप आहे, आकडे वाचता येतात, मग माप घेणे अवघड कशाला, असे सगळ्यांनाच वाटते. ब्लाऊज बिघडतो तो टेप चुकीची वाचल्यामुळे क्वचितच. आकडा कशाचा आहे हे न सांगितल्यामुळे तो जास्त बिघडतो.

अंगाचे माप आणि कपड्याचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीभोवती टेप फिरवून येते ते अंगाचे माप. नीट बसणारा जुना ब्लाऊज सपाट पसरून येते ते कपड्याचे माप, आणि त्यात श्वास घ्यायला, हात हलवायला सोडलेली ढिलाई आधीच धरलेली असते. शिंप्याला अंगाचे माप दिले तर तो स्वतःच्या हिशेबाने ढिलाई मिळवतो. कपड्याचे दिले तर मिळवत नाही. कोणते दिले हे सांगितलेच नाही तर तो अंदाज बांधतो.

जळकोटातल्या एका लग्नात असेच झाले. मुलीच्या छातीचे माप साडेतेहतीस इंच. तिच्या अंगावर चापून बसणारा ब्लाऊज हुक लावून पसरला तर एका बाजूने साडेसतरा, म्हणजे पूर्ण ३५ भरत होता. घरातून ‘छाती ३५’ एवढाच निरोप गेला. शिवणाऱ्याने ते अंगाचे माप समजून वर दीड इंच ढिलाई धरली आणि साडेछत्तीसचा ब्लाऊज आला. मागचा गळा खोल होता, त्यामुळे दोन्ही खांदे उतरू लागले. बाजूची शिलाई पाऊण-पाऊण इंच आत घेतली तेव्हा मुंढा काखेत काचायला लागला आणि बाहीवरच्या आरीच्या बुट्ट्या अर्ध्या शिवणीत गेल्या. अक्षता पडेपर्यंत खांद्याला चार ठिकाणी पिना लावून नवरी उभी होती. चूक दीड इंचाची, पण ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, कारण काम आरीचे होते.

आरी किंवा मग्गम वर्कच्या बाबतीत हे आधीच लक्षात घ्यायला हवे. हे भरतकाम शिवलेल्या ब्लाऊजवर होत नाही. कापडावर आधी पुढचा भाग, पाठ आणि बाह्या आखतात, मग कापड चौकटीवर ताणून त्या रेषांच्या आत खडे, मणी, जरीचे टाके भरतात, आणि शेवटी कापून शिवतात. गळ्याभोवतीची वेल गळ्याच्या मापानेच आखलेली असते. भरतकाम झाल्यावर गळा अर्धा इंचही हलवता येत नाही. म्हणून माप पक्के व्हायला हवे ते भरतकामाला कापड देण्यापूर्वी. नवरीला सुट्टी मिळणार नसेल तर निदान या एका कामासाठी तिने शिंप्यापर्यंत जावे. ते शक्य नसेल तर साध्या सुती कापडाचा त्याच मापाचा ब्लाऊज आधी शिवून तिच्याकडे पाठवावा आणि तो घालून पाहिल्यावरच आरीचे काम सुरू करावे. एका अस्तराच्या कापडाचा आणि शिलाईचा खर्च होतो, पण हजारोंचे काम वाचते.

घरातली टेप वापरण्याआधी तपासावी. कापडी टेप वर्षानुवर्षे ओढून लांबते. टोकाची पत्री निघालेली असेल तर सुरुवातीचा भाग झिजून माप मोठे दिसते. स्टीलच्या फूटपट्टीशी ती लावून पाहिली की शंका मिटते: १२ इंच म्हणजे साडेतीस सेंटिमीटरला थोडे कमी. फायबरची टेप ताणली जात नाही, तीच घ्यावी. लोखंडी गुंडाळपट्टी अंगाला वळत नाही. दोरीने माप घेऊन ती पट्टीवर मोजणे हा अगदी नाइलाजाचा उपाय, कारण दोरीही ताणली जाते.

स्वतःचे माप स्वतः घेऊ नये. हात वर केला की खांदा उचलला जातो, मान वाकवली की छाती आणि पाठ दोन्ही बदलतात. आई, बहीण, मैत्रीण यांपैकी एकीने टेप धरावी आणि दुसरीने लिहावे. जिचे माप घ्यायचे तिने समोर बघून, हात मोकळे सोडून, पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास घेत उभे राहावे. कुर्त्यावरून, स्वेटरवरून घेतलेले माप निरुपयोगी. लग्नात ब्लाऊजच्या आत जे अंतर्वस्त्र घालायचे तेच या वेळी अंगात हवे. ब्लाऊजलाच कप लावून घ्यायचे असतील तर शिंप्याला तसे सांगावे. पाळीच्या आधीचे काही दिवस टाळलेले बरे, तेव्हा अंगाला सूज असते. टेप अंगाला लागून, पण न आवळता फिरवावी आणि पाठीमागे ती खाली घसरलेली नाही ना, हे दुसरीने बघावे. छातीचे माप सर्वाधिक चुकते ते पाठीवर उतरलेल्या टेपमुळेच. प्रत्येक माप दोनदा घ्यावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

ब्लाऊजसाठी सुरुवात उंचीपासून करावी. मान आणि खांदा मिळतात त्या ठिकाणी टेप धरून, छातीच्या उंचवट्यावरून, ब्लाऊज जिथे संपायला हवा तिथपर्यंत. त्याच टेपवर उंचवटा किती इंचांवर आला तेही लिहून घ्यावे. टक्स पॉइंट तो. हा आकडा घरी घेतलेल्या मापांत जवळजवळ नेहमी राहून जातो, आणि तो नसला की टक्सचे टोक वर किंवा खाली पडून ब्लाऊज समोरून चुरगळल्यासारखा दिसतो. दोन उंचवट्यांमधले अंतरही द्यावे. मग छाती, छातीच्या लगेच खाली, आणि ब्लाऊजच्या खालच्या कडेला. शोल्डर पाठीमागून, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. मुंढा हात खाली सोडून, खांद्याच्या टोकावरून काखेखालून वर. टेपच्या आत एक बोट सहज सरकले पाहिजे.

गळ्याची खोली मानेच्या बाजूच्या त्याच बिंदूपासून सरळ खाली मोजायची, तिरकी नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे खोल हवे असतील तर खांदा धरून ठेवायला पाठीवर नाडी लागते. ती नको असेल तर एका बाजूचा गळा वर घ्यावा लागेल, हे आधीच ठरवलेले बरे. पदर डाव्या खांद्यावरून जातो, त्याच्या जरीचे वजन आणि पिन तिथेच येते. उतरता खांदा त्या ओझ्याने आणखी उतरतो.

बाहीकडे दुर्लक्ष होते, आणि लग्नाच्या दिवशी सर्वांत जास्त त्रास तीच देते. दंडाचे माप हात सरळ सोडून घेतात, पण कोपरात वाकवला की दंड फुगतो, म्हणून दोन्ही मापे घ्यावीत. वर बाजूबंद चढणार असेल तर तो घट्ट बाहीवर बसतो का, हे बघावे. मेंदी कोपरापर्यंत काढायची असेल तर कोपरभर बाही हळदीपासून लग्नापर्यंत घासत राहते. पैठणीला किंवा शालूला जोडून येणारे ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटर असते आणि बाहीला लावायचा काठ मोजकाच. बाही एकदा तोकडी कापली गेली की त्याच काठात ती पुन्हा होत नाही. शंका असेल तर इंचभर लांबच सांगावी.

कंबरेच्या मापाबाबत घोळ ठरलेला. ब्लाऊजची कंबर म्हणजे बरगड्यांखालची त्याची कड. साडीची, परकराची, घागऱ्याची कंबर म्हणजे नाडी बांधतात ती जागा, बहुधा बेंबीच्या खाली. कपड्यांच्या मापांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेल्या आयएसओ ८५५९ मध्ये कंबर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये धरली आहे. या तीन ठिकाणी एकाच बाईची मापे तीन-चार इंचांनी सहज वेगळी येतात. म्हणून ‘कंबर ३०’ एवढेच न लिहिता ‘बेंबीखाली दोन बोटे, नाडीच्या जागी’ असे लिहावे. रिसेप्शनच्या घागऱ्याची लांबी त्या जागेपासून जमिनीपर्यंत, आणि पायात ज्या टाचेची चप्पल घालायची ती घालूनच मोजायची. मांडवातल्या शिवलेल्या नऊवारीची मात्र अनवाणी, कारण विधी अनवाणीच होतात. नऊवारीला कंबर आणि सीटशिवाय बैठकीचे माप लागते: पुढे कंबरेपासून दोन पायांमधून मागे कंबरेपर्यंत. ते उभे राहून घ्यावे आणि मग मांडी घालून बसवून पुन्हा घ्यावे. लग्नानंतर जोडपे तुळजापूरला दर्शनाला जाते, तिथे पायऱ्या उतरून देवळात जावे लागते. बैठक तोकडी असेल तर पहिल्या दहा पायऱ्यांतच कळते.

नवरदेवाचे काम त्या मानाने सोपे. गळा, छाती, पोट, शोल्डर, बाही, शेरवानीची उंची, सीट, मांडी, मोहरी. पोटाचे माप घेताना पुरुष हटकून श्वास रोखतात. बोलते ठेवून माप घ्यावे. मांडवात बांधायच्या फेट्याला माप लागत नाही. तयार फेटा मागवायचा असेल तर भुवयांच्या वरून डोक्याचा घेर द्यावा.

तयार कपडे मागवताना एस, एम, एल या अक्षरांवर विसंबू नये. भारतीय बांध्यांसाठी स्वतःचा मापतक्ता नसल्यामुळेच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतले. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० माणसांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ती योजना. शहरांत मुंबई आणि हैदराबादही होती. असा एकच तक्ता नसल्यामुळे प्रत्येक कंपनी आपापला तक्ता चालवत आली आहे. त्या-त्या कपड्याखाली दिलेला तक्ता उघडून तो इंचात आहे की सेंटिमीटरमध्ये, अंगाचा आहे की कपड्याचा, हे बघूनच मागणी नोंदवावी.

मापे घेतली की ती लिहिण्याचे काम तितकेच जपून करावे. फोनवर ‘पावणेचौदा’ सांगितलेले इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरीला सव्वाचौदा वाटू शकते, आणि ‘साडेतेरा’चे ‘साडेतीन’ ऐकू येते. टेपवर इंचाचे आठ भाग असतात, त्यातल्या एकाला शिंपी सूत म्हणतात. कुणी ‘१३.२’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात तेरा इंच दोन सूत, म्हणजे सव्वातेरा असते. वाचणारा तेरा आणि दोन दशांश समजतो. बांगडीच्या मापात तर २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, आतला व्यास सव्वादोन इंच. म्हणून टिंब टाळावे आणि १३¼ असे स्वच्छ लिहावे. कागदाच्या डोक्यावर तारीख, नवरीचे नाव, ‘इंच’ आणि ‘अंगाचे माप’ हे शब्द ठळक लिहावेत. फोटो काढून पाठवावा आणि मूळ कागद कापडाच्या पिशवीत टाचून द्यावा. मापाचा ब्लाऊज पाठवायचा असेल तर जरूर पाठवावा, पण तो कुठे घट्ट होतो, कुठे सैल, हे त्याच कागदावर हवे. कागदावरची मापे आणि ब्लाऊज जुळत नसतील तर कोणते प्रमाण धरायचे तेही.

अस्तर सुती असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून इस्त्री करायला सांगावे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे रेशीम फुगते. दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवायला सांगावे. साखरपुडा ते लग्न या काळात वजन वर-खाली होतेच. तुळशीचे लग्न लागले की शिंप्यांकडे गर्दी सुरू होते, म्हणून ट्रायल लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी ठरवून घ्यावी. केळवणासाठी मुलगी गावी येते तेव्हा ती साधते. ब्लाऊज कच्च्या शिलाईवर असतानाच घालून बघावा, आणि नुसते आरशासमोर उभे राहून नाही. हार घालताना होतात तसे दोन्ही हात वर करावेत, पाटावर मांडी घालून बसावे, वाकून पाया पडावे. खांदा उतरला, हुक ताणला, पाठीवर घडी पडली तर तिथेच कळते. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला घामाने रेशीम अंगाला चिकटते, तेव्हा घट्टपणा आणखी जाणवतो.

ट्रायलनंतर बाजूची शिलाई आत घेता येते, माया असेल तितकी सोडता येते, हुकांची जागा बदलता येते, टक्स थोडे हलतात. कापलेला गळा वर येत नाही, तोकडी बाही लांब होत नाही, भरतकामाखालची रेषा सरकत नाही. उरलेले कापड आणि काठाचे तुकडे शिंप्याकडून मागून घ्यावेत. काखेत कळी बसवायची वेळ आली तर तेच लागतात.