धूर मोजतात तरी कसा?



रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले गाव. या तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला जायचे म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग चढणे आले. मोताळ्याहून जाणारा रस्ता राजूर घाटातून वर जातो. या चढावर मालाने भरलेला एखादा जुना ट्रक पुढे असला की काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ड्रायव्हर गिअर खाली घेतो, इंजिन घरघरते आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर काळा लोट येतो. ‘याला पीयूसी दिली तरी कोणी?’ असे तो म्हणतो.

गंमत अशी, की त्या ट्रककडे पीयूसी असते आणि कधी कधी ती अगदी खरीही असते. हे कसे, ते समजण्यासाठी धूर कसा मोजतात हे आधी पाहू.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. नव्या गाडीला नोंदणीनंतर एक वर्षाने पीयूसी प्रमाणपत्र लागू होते. जुन्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी आणि बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना दर वर्षाने नवे घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग यांची तपासणी वेगळी. तिलाच आपण ‘पासिंग’ म्हणतो. ट्रक, बस, टॅक्सी यांना ती ठरावीक मुदतीने करावी लागते, तर घरच्या मोटारीला पंधरा वर्षांनी नोंदणी नवी करताना. आज आपला विषय धुराचा आहे.

धूर काळा का दिसतो? डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. सिलिंडरमध्ये त्याचे बारीक तुषार उडतात. ज्या तुषाराला पुरेसा ऑक्सिजन मिळतो तो पूर्ण जळतो. ज्याला मिळत नाही त्यातला कार्बन काजळीच्या कणांच्या रूपात मागे राहतो. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला बसते तीच ही काजळी. हे कण इतके सूक्ष्म असतात की नाकातल्या केसांना दाद न देता फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. तेव्हा घाटातला तो लोट म्हणजे केवळ कपडे खराब करणारी गोष्ट नव्हे.

आता मोजणीकडे वळू. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात. तिच्यातून धूर एका बंद पेटीत येतो. पेटीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश पडताच विद्युतप्रवाह देणारा घट असतो. पेटीत स्वच्छ हवा असताना घटावर जेवढा प्रकाश पडतो तो १०० धरायचा. धूर भरल्यावर त्यातला ३५ उरला, तर ६५ टक्के प्रकाश अडला. हा आकडा हार्ट्रिज एककात ६५ असा सांगतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना हीच मर्यादा आहे. बीएस-४ गाड्यांसाठी ती ५० आहे.

इथे एक प्रश्न सोडवून पाहा. ६५ दाखवणाऱ्या धुरातली काजळी नेमकी निम्मी केली तर यंत्र किती दाखवील? वर्गात विचारले की बहुतेकांचे उत्तर साडेबत्तीस येते. ते चूक आहे. बरोबर उत्तर सुमारे ४१.

कारण असे. धुराचे दोन सारखे थर कल्पा. पहिला थर शंभरातला काही अंश अडवतो. दुसऱ्या थरापर्यंत शंभर पोहोचतच नाहीत. पहिल्यातून जे निसटले त्याचाच तेवढा अंश तो अडवतो. म्हणजे इथे वजाबाकी नसून गुणाकार आहे. दोन थरांतून ०.३५ उरत असेल, तर एकातून ०.३५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.५९ उरेल. अडले ते ०.४१. प्रकाशाच्या शोषणाचा हा नियम बूगे यांनी १७२९ मध्ये मांडला. लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये त्याला गणिताचे रूप दिले आणि बीअर यांनी १८५२ मध्ये तो द्रावणांना लावला. पुस्तकांत मात्र नाव राहिले ते मागच्या दोघांचेच!

नियमाचा पडताळा घरी घेता येतो. एकाच रंगाच्या जिलेटीन कागदाचे चार तुकडे घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका जागी बसवा आणि प्रकाश मोजणारे ॲप असलेला मोबाइल समोर ठेवा. एकेक तुकडा वाढवत आकडे लिहा. एका तुकड्याने १०० चे ६० झाले, तर दोघांनी जवळपास ३६ आणि तिघांनी २१ ते २२ होतील.

यावरून हेही कळेल, की नुसत्या नजरेने धूर जोखणे फसवे असते. हार्ट्रिज मोजणीत प्रकाश धुरातून ४३ सेंटिमीटर जातो. मर्यादेवरचा, म्हणजे ६५ चाच धूर १० सेंटिमीटर रुंदीच्या पाइपाच्या तोंडाशी आडवा पाहिला, तर तो जेमतेम २२ टक्के प्रकाश अडवतो. नजरेला तो विरळ वाटेल. म्हणून आता धुराचा दाटपणा लांबीवर अवलंबून नसलेल्या शोषण-गुणांकाने सांगतात. हा गुणांक ६५ हार्ट्रिजसाठी दर मीटरला २.४५ आणि ५० साठी १.६२ आहे. म्हणजे ६५ वरून ५० वर येणे हे दिसायला पंधराच अंकांचे, पण धूर प्रत्यक्षात एक तृतीयांशाने कमी झालेला असतो.

आता आपल्या ट्रककडे येऊ. केंद्रावर तो उभा असतो आणि गिअर न्यूट्रलमध्ये असतो. इंजिन गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात, सोडतात आणि असे काही वेळा करून सरासरी घेतात. या वेळी इंजिनावर बोजा कसला? फक्त स्वतःचे भाग फिरवण्याचा. घाटातली गोष्ट निराळी. ट्रक मालासह १० टनांचा आणि चढ ३०० मीटर उंचीचा धरू. कार्य झाले १०,००० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ३ कोटी ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन तिच्यातली एक तृतीयांशच कामी आणते. तेव्हा नुसती उंची गाठायलाच अडीच लिटर डिझेल हवे. पंप प्रत्येक फेऱ्याला जास्त डिझेल सोडतो. फिल्टर धुळीने तुंबलेला असेल किंवा नोझल झिजलेले असेल, तर हवा कमी पडते आणि तुषार जाड पडतात. न्यूट्रलमध्ये झाकून गेलेला दोष घाटात उघडा पडतो.

चाचणी आणि रस्ता यांतली ही फट साऱ्या जगात आहे. फोक्सवॅगन कंपनीने तर ती हेतुपुरस्सर वापरली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारी आज्ञावली तिने डिझेल मोटारींत बसवली होती. अमेरिकेत २०१५ मध्ये हे उघडकीस आले. आपल्याकडेही बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, नवे मॉडेल मंजूर करताना गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून वायू मोजणे आले आहे. जुन्या ट्रकला त्याचा काही उपयोग नाही.

मग पीयूसी निरर्थक का? मला तसे वाटत नाही. न्यूट्रलमध्येच जी गाडी नापास होते तिचे घाटात काय होत असेल याचा विचार करा. अशी गाडी हुडकायला ही चाचणी पुरेशी आहे, मात्र ती खरोखर घेतली तर. गाडी केंद्रावर न नेता केवळ नंबर सांगून कागद मिळवणारे महाभाग आहेत. तो कागद घटावर पडलेल्या प्रकाशाबद्दल काहीच सांगत नाही.

पेट्रोलच्या गाडीला ही प्रकाशाची पेटी चालत नाही, कारण तिचा घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, डोळ्यांना दिसतच नाही. तो अवरक्त किरणांचा एक ठरावीक भाग मात्र शोषतो, आणि त्यावरून त्याचे प्रमाण काढतात. दिवा बदलला, नियम तोच.

घरी किंवा शेजारी डिझेलची जीप असेल तर तिच्या प्रमाणपत्रावर शोषण-गुणांकाचा आकडा शोधा. आणि हे उदाहरण वहीत सोडवा: एका जीपचे वाचन ५० हार्ट्रिज होते. एअर फिल्टर बदलून नोझल दुरुस्त केल्यावर ते २९.३ झाले. तिचा धूर किती पटीने कमी झाला? (सूचना: ०.५ चे वर्गमूळ काढून पाहा.)