रीमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी

प्रश्न : नाशिकच्या एका वाचकांनी दोन वर्षांच्या डिझेल गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पिकअपसाठी बाहेरून रीमॅप करून घेतला. आता टर्बो गेला आणि एसीही थंड करेनासा झाला. सर्व्हिस सेंटर म्हणते, सगळीच वॉरंटी रद्द. हे बरोबर आहे का? आणि जुना मॅप परत टाकला तर कंपनीला कळेल का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. बहुधा कळते. सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले याची नोंद अनेक ईसीयूंमध्ये राहते आणि जुना मॅप टाकला तरी ती पुसली जात नाही. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत तर अशा गाडीच्या नावावर ‘टीडी१’ असा शेरा पडतो. ‘स्टॉक करून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही’ हे ट्यूनरचे बोलणे धंद्याचे समजावे.

टर्बोची बाजू लंगडीच आहे. रीमॅपमध्ये बूस्टचा दाब आणि डिझेलचे प्रमाण वाढवतात. टर्बो जास्त वेगाने फिरतो, जास्त तापतो. क्लचवरही ताण येतो. बिघाडाचे बोट थेट बदलाकडे जाते.

एसीचे तसे नाही. कंप्रेसरची गॅसगळती आणि इंजिनचा मॅप यांचा संबंध सर्व्हिस सेंटरने दाखवून द्यावा. मात्र वॉरंटी बुकलेट नीट वाचावे. ‘बदलामुळे झालेला बिघाड’ वगळला आहे की ‘बदल केल्यास वॉरंटी रद्द’ असे छापले आहे, यावर बरेच अवलंबून आहे. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा अशा वेळी ग्राहकाच्या कामी येतो. भारतात वॉरंटीपुरता तसा वेगळा कायदा नाही. मदार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर.

नकार कारणासह जॉबकार्डवर लिहून घ्यावा. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. मुदत दोन वर्षांची.

एक मेख आहे. आयोगापुढे रीमॅपची लेखी कबुली द्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार विनापरवानगी बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीचा वकील ते कलम पुढे करू शकतो. केवळ एसीच्या दुरुस्तीसाठी हे ओढवून घ्यायचे का, हे खर्चाचा अंदाज हातात आल्यावर ठरवावे.

टर्बोसाठीही भांडायचेच असेल तर जुना टर्बो सर्व्हिस सेंटरकडे सोडू नये. आयोगाने प्रयोगशाळेत तपासणी सांगितली तर तोच लागेल.